ऐनाच्या ढोलीतला उंदीर

“आणि मी गेलेच नाही तर?” सगुणानं विचारलं.

भानगिरी बाबा झोपडीच्या ओट्यावर बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तर राहशील.”

“आणि तुम्ही शिकवलं नाहीत तर?”

“तर राहशील, नाहीतर जाशील. माझं काय त्यात?”

सगुणा घाटाखालून चढून आली होती. पायांना फोड आले होते, पण आवाज खणखणीत होता. ती एका कीर्तनकाराची मुलगी. बाप विद्यार्थ्यांना पाठ द्यायचा तेव्हा ती दाराआड बसून ऐकायची, आणि विद्यार्थी विसरायचे ते तिला पाठ असायचं. पुढं तिनं भर सभेत शास्त्र्यांना गप्प केलं. एकदा नव्हे, अनेकदा. तेव्हापासून मठांची दारं तिला बंद झाली. बाईनं असं बोलू नये, असं प्रत्येक दारात कुणीतरी तिला सांगितलं.

म्हणून ती इथं आली होती. भानगिरी बाबा कुणालाच शिकवत नाहीत, असं लोक म्हणत. कुणालाच नाही, म्हणजे निदान पुरुषांनाही नाही. तिला तेवढा न्याय पुरेसा वाटला.

“बाई म्हणून नाही म्हणताय?”

“नाही गं बाय. माझ्याकडे द्यायला काही नाही म्हणून.”

“खोटं बोलताय.”

बाबा हसले. आत चुलीपाशी त्यांची सेवा करणारा नारोबा होता. त्याच्या हातातली पळी थांबली. बाबांना असं कुणी बोललेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

“मग ऐका,” सगुणा म्हणाली. “तुम्ही मला ब्रह्माचा उपदेश करेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. त्या झाडाखाली बसते. मेले तर तिथंच जाळा.”

अंगणापलीकडे ऐनाचं एक उंच, सरळ झाड होतं. बाबांनी आता मान वर करून तिकडं पाहिलं.

“तिथं ढोलीत एक उंदीर राहतो,” ते म्हणाले. “त्याची हरकत नसेल तर बस.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा झाडाशी आले. सगुणा ताठ बसली होती.

“उंदरानं काय खाल्लं?”

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“मी उंदीर बघायला आले नाही.”

“मग काय बघायला आलीस?”

“ब्रह्म.”

“दिसलं?”

“…नाही.”

“आणि उंदीर?”

सगुणानं मान वर करून ढोली शोधली.

“म्हणजे दोन्हीकडे सारखीच बोंब,” बाबा म्हणाले आणि ओढ्यावर अंघोळीला निघून गेले.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात तिला कुणी प्रश्न विचारला आणि तिच्याकडे उत्तर नाही, असं झालं नव्हतं. उंदीर तर उंदीर! उद्या या म्हाताऱ्याला असं उत्तर देईन की पुन्हा प्रश्न विचारायची सोय उरणार नाही, असं तिनं ठरवलं.

दिवस कलला. झाडांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या, आणि वर फांदीच्या बेचक्यात, ढोलीच्या तोंडाशी, दोन मिशा हलल्या.

तो अंगठ्याहून थोडा मोठा होता. पाठ विटकरी, पोट पांढरं. शेपूट मात्र अंगाहूनही लांब. ती शेपूट काटकीभोवती वळवायची, आणि मग पुढचे दोन्ही पाय सोडून खुशाल बाहेर झुकायचं. त्यानं ऐनाचा एक कोवळा कोंब खुडला, दोन्ही हातांत धरला, फिरवून फिरवून खाल्ला. मग गारंबीच्या वेलावरून पळत निघाला आणि दिसेनासा झाला.

“कोंब,” तिनं सकाळी सांगितलं. “ऐनाचा.”

“आणि?”

“आणि काय?”

“एका कोंबावर रात्र काढली त्यानं?” बाबांनी विचारलं आणि निघून गेले.

*

नारोबा रोज तिच्यापुढं भाकरी ठेवून जाई. ती हात लावत नसे. एकदा तिनं भाकरीचा तुकडा मोडून वेलावर ठेवला. उंदीर आला, त्यानं हुंगलं, आणि तुकड्यावरून उडी मारून पुढं गेला. भाकरी मुंग्यांनी नेली.

सगुणाला उगीचच बरं वाटलं. त्यानंही उपास धरला, असं तिला वाटलं. थोड्या वेळानं तो एका पिकल्या उंबरावर बसून मिटक्या मारताना दिसला. तिला पहिल्यांदा हसू आलं, आणि हसताना पोटात कळ आली.

उंबराचं झाड ओढ्याच्या काठी होतं. ऐनावरून गारंबीचा वेल गेला होता करवंदीच्या जाळीवर, आणि जाळीतून एक फांदी उंबराला टेकली होती. उंदराचा हमरस्ता तोच. उंबर पिकलेला असला की उंबर, नसला तर कोंब, कळ्या, करवंदीची फुलं, एखादा किडा. जमिनीवर तो उतरत नसे. ओढ्याकडे तोंड करून तो उंबराच्या शेवटच्या फांदीवर जाई, तिथं शेपटीनं लटकून पलीकडचा वास घेई, आणि मागं फिरे.

एकदा पिंगळा आला. करवंदीवर सावली पडली मात्र, उंदीर जिथं होता तिथंच गोठला. सगुणानं श्वास रोखला. पिंगळा मान गरागरा फिरवत बसून राहिला… उडून गेला. मग दोघांनीही श्वास सोडला. निदान तिनं तरी.

बाबा सकाळी येत. ती सांगे. ते एखादाच प्रश्न विचारत आणि जात. ब्रह्माचं नावही निघत नसे. तिला वाटे, हा म्हातारा आपली थट्टा करतोय. मग ती आणखी ताठ बसे. तिचे गाल बसले होते. उठताना डोळ्यांपुढं अंधारी येई. पण उठून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

*

एका सकाळी बाबांच्या आधी नारोबा आला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

“बाई, जरा बाजूला बसा.”

“कशाला?”

“झोपडीचं आढं मोडलंय. बघा ना, छप्पर कसं झुकलंय. पावसाळ्याआधी नवं घालायचंय. बाबांनी गेल्या वर्षीच हा ऐन हेरून ठेवलाय. सरळ आहे, टिकेल.”

तिनं झोपडीकडे पाहिलं. खरंच, छप्पर मधोमध बसलं होतं.

“दुसरं झाड तोडा.”

“एवढं सरळ जवळपास दुसरं नाही. व्हा बाजूला.”

सगुणा उठली. तिनं खोडाला पाठ टेकली.

“मार,” ती म्हणाली.

नारोबा गोंधळला. त्यानं ओट्याकडे पाहिलं. बाबा काठी टेकत येत होते.

“काय झालं?”

“हे झाड तोडायचं नाही,” सगुणा म्हणाली.

“का? तुझं आहे?”

“माझं नाही. तिचं आहे.”

“तिचं?”

“तुम्ही रोज उंदीर उंदीर म्हणता. उंदीर नव्हे, उंदरीण आहे ती. आज पहाटे तोंडात सुकं गवत धरून ढोलीत ये-जा करत होती. पोट खाली आलंय तिचं. विणार आहे.”

बाबांनी कुऱ्हाडीकडे पाहिलं.

“उंदीर जात ती. दुसरीकडे घर करेल.”

“नाही करणार.”

“कशावरून?”

सगुणाचा आवाज चढला. सभेत चढायचा तसाच. पण सभेत तिला कधी घाम फुटत नसे, आणि आज तळहात ओले झाले होते.

“तिची वाट या झाडावरून निघते. ऐन, गारंबीचा वेल, करवंदीची जाळी, उंबर. बस्स, एवढाच तिचा मुलूख! जमिनीवर ती उतरत नाही. ओढा ओलांडत नाही. हा ऐन पडला की वेलही पडला. मग उंबर पिकून सडला तरी तिला त्याचा काय उपयोग? तिनं जायचं कुठं, आणि खायचं काय?”

“जमिनीवर उतरत नाही, असं तुला दिसलं. तू झोपलीस तेव्हा उतरली असेल. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. हे तूच सभेत मांडलंस, असं ऐकतो.”

“मांडलं! आणि आजही मांडीन. मग ती दुसरीकडे जाईल, हे तुम्हाला दिसलंय का? कुठं जाईल ते आधी दाखवा, नंतर कुऱ्हाड मारा. झाड पडल्यावर वाद जिंकून काय करायचंय?”

नारोबाला राहवलं नाही. “अहो बाई, उंदरापायी भांडताय! हे छप्पर पडलं तर पावसात बाबा कुठं जातील? गेल्या श्रावणात थंडीतापानं मरता मरता वाचलेत. माणसाहून उंदीर मोठा?”

सगुणानं बाबांच्या बारीक मनगटांकडे पाहिलं.

“मोठा नाही,” ती शेवटी म्हणाली. “छप्पर पडू दे.”

“आणि मी भिजलो तर?” बाबांनी विचारलं.

“भिजा.”

नारोबाच्या हातून कुऱ्हाड सुटता सुटता राहिली.

“भिजा,” सगुणा पुन्हा म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते, पण पाठ खोडापासून सुटली नव्हती. “नाहीतर नका भिजू, मी भिजू देणार नाही. वाळलेलं लाकूड शोधते. घाटाच्या तोंडाशी वादळात पडलेला एक ऐन आहे, येताना पाहिलाय. आडवा पडलाय, लांब आहे. तो ओढत आणते.”

“तू?” नारोबा म्हणाला. “तुला उभं राहवत नाहीये!”

“मग तू हात लाव!”

“तो चढावर आहे, शिवाय दगडांत अडकलेला.”

“तर दगड सरकवू. खालून दोर बांधू. बैल असेल ना गावात कुणाचा? फांद्या जागेवरच छाटायच्या, म्हणजे ओझं निम्मं…”

दोघं हमरीतुमरीवर आले. चढ कुठला, दोर किती जाड, बैल कुणाकडे मागायचा. नारोबा म्हणे होणार नाही, ती म्हणे कसं होत नाही ते बघते. बोलता बोलता तिचा तोल गेला. नारोबानं तिला धरून बसवलं, धावत जाऊन नाचणीची पेज आणली आणि वाडगं तिच्या हातात दिलं.

“गारंबीच्याच सालीचा दोर वळला तर?” ती म्हणाली, आणि वाडगं तोंडाला लावलं. “पण तिच्या वेलाची नको. दुसऱ्याची.”

तिनं पेज संपवली. वाडगं खाली ठेवलं. आपण काय केलं हे तिच्या ध्यानात आलं नाही. नारोबाच्या आलं. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मानेनंच नको म्हटलं, आणि त्यानं रिकामं वाडगं उचलून घेतलं.

“कुऱ्हाड घरात ठेव,” बाबा त्याला म्हणाले. “आणि दोर शोध.”

नारोबा गेला. सगुणा खोडाशी बसून होती. आत्ता कुठं तिला धाप लागली.

“मी जिंकले,” ती म्हणाली.

“जिंकलीस.”

“मग आता बोला. मी ज्यासाठी आलेय ते सांगा.”

बाबांनी वर ढोलीकडे पाहिलं. सकाळचं ऊन फांद्यांत उतरलं होतं. ढोलीच्या तोंडाशी गवताची एक काडी अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबत होती.

“मला एकच सांग,” ते म्हणाले. “ओढ्यावर ती जात नाही. खाली उतरत नाही. मग ती पाणी कुठं पिते?”

सगुणानं तोंड उघडलं. तिला पहाटेचं दव आठवलं. पण दव चाटताना तिनं पाहिलं नव्हतं. उंबराचा रस? असेल. पण तेवढ्यानं भागतं का…? वर काडी हळूच हलली आणि आत ओढली गेली.

“माहीत नाही,” ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

भानगिरी बाबांनी काठी बाजूला ठेवली.

“मलाही नाही,” ते म्हणाले. “सरक जरा. बसू दे मला.”