मोरघारीचा बेहडा

फार पूर्वी, राजेलोक दुसऱ्याच्या सांगण्यावर न जाता स्वतःच्या कानांनी ऐकत असत, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी लहानांना सांगण्याच्या निमित्ताने पुन्हा ऐकावी.

एका राज्यात नदीकाठी दाट राई होती. तिची राखण एकाच घराण्याकडे पाच पिढ्या चालत आली होती आणि ती टिकण्याची अट एकच होती. दर पाडव्याला पहाटे राजा राईत येई, राखणदाराची कुऱ्हाड मांडीवर घेई, स्वतःच्या उपरण्याने डोळे बांधी आणि झाडाखाली बसून राही. ऊन त्याच्या पायांशी पोचेपर्यंत सात निरनिराळ्या पाखरांचे आवाज कानावर आले, की कुऱ्हाड राखणदाराला परत मिळे आणि राखण आणखी एक वर्ष त्याच्या घरात राही. सात आवाज आले नाहीत, तर कुऱ्हाड दुसऱ्याच्या हाती जायची. लोक या रिवाजाला ऐकणी म्हणत.

पाच पिढ्यांत कुऱ्हाड कधी दुसऱ्या घरी गेली नव्हती. सातच काय, राजाला बारा-बारा आवाज ऐकू येत. सात झाले तरी तो उपरणं सोडत नसे, कारण डोळे बांधलेल्या राजाला कोणी कामाचं विचारत नाही.

पाचवा राखणदार कामाला वाघ होता. रोज पाचोळा झाडायचा, वाळकी फांदी दिसली की छाटायचा. पाखरांवर त्याचा फार जीव. कुठल्या फांदीवर कोणाचं घरटं आहे हे त्याला तोंडपाठ असे आणि घरी जेवताना तो पाखरांच्या गोष्टी सोयऱ्यांच्या असाव्यात तशा सांगे. त्यातही पिवळ्याधमक हळद्याची एक मादी त्याची विशेष लाडकी. दरसाल ती एकाच आंब्यावर झोळीसारखं घरटं विणायची.

राईच्या मधोमध, त्या आंब्याला लागूनच, एक जुना बेहडा होता. अर्धा वाळलेला, वाकडा, झाडांच्या कुठल्याच रांगेत न बसणारा. त्याच्या शेंड्यावर पाटीएवढं काटक्यांचं घरटं होतं आणि त्यात मोरघार राहत असे. डोक्यावर मोरासारखा तुरा, पिवळे डोळे, आणि पंजे असे की ससा उचलून न्यावा. राखणदाराला ते झाडही आवडत नसे आणि ते पाखरूही.

एका ज्येष्ठात हळद्याच्या मादीचं पिल्लू पहिल्यांदा फांदी सोडून उडालं. राखणदार खाली उभा राहून कौतुकाने बघत होता. तेवढ्यात वरून सावली आली आणि पिल्लू गेलं. आई दिवस मावळेपर्यंत ओरडत होती. रात्री राखणदार ताट सरकवून उठला.

"तो बेहडा आता ठेवत नाय," तो बायकोला म्हणाला.

"अवो, मोरघार काय आज आलीया व्हय?" बायको म्हणाली. "तुमच्या आज्यानं बी बेहडा ठेवला, मामंजींनी बी ठेवला. कायतरी बघूनच ठेवला आसंल की."

"आळशी हुते, म्हणून ठेवला."

बायको चुलीकडे वळली. चार पिढ्यांना एका दमात आळशी ठरवणाऱ्या माणसाशी बोलून उपयोग नसतो, हे तिला ठाऊक होतं.

मार्गशीर्षात मोरघार घरट्याला नव्या काटक्या आणू लागली, तशी राखणदाराने कुऱ्हाड काढली. बेहडा पडायला दोन दिवस लागले. मोरघार तीन दिवस त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालत राहिली आणि चौथ्या दिवशी नदी ओलांडून गेली. राखणदाराने बुंधा उपटला, जमीन सारखी केली आणि पाखरांना पाणी प्यायला फांद्यांना मातीच्या पसरट परळ्या टांगल्या. राई आता अंगण सारवावं तशी स्वच्छ दिसत होती. असं समाधान त्याला पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

माघात पहिल्यांदा कावळे आले. मग लांब शेपटीचे टकाचोर आले, मग खारी आल्या. आजवर ते राईच्या कडेकडेने असत, आता मधोमध नांदू लागले. बुलबुलाची अंडी गेली, पानं शिवणाऱ्या शिंप्याची गेली, शेपटी नाचवणाऱ्या नाचणीचं घरटंच खाली पडलेलं सापडलं. राखणदार गोफण घेऊन दिवसभर धावे. इकडचे हाकलले की तिकडचे येत.

"आता गोफण घिऊन झाडावरच बसा," बायको म्हणाली. "म्हंजी तुमीच मोरघार."

होळी झाली तेव्हा राईत कावळ्यांखेरीज फारसं कोणी उरलं नव्हतं. पाडवा पंधरा दिवसांवर आला होता. पाच पिढ्यांची राखण आपल्या हातून जाणार, हे राखणदाराला दिसू लागलं. पाखरं गेली तरी कुठे, हे शोधायला तो नदी उतरून पलीकडे गेला.

पलीकडे पडीक माळ होता. करवंदीच्या जाळ्या, बोरी, आणि मधे एकच जुनाट आंबा. तिथे कोणी कधी पाचोळा झाडला नव्हता. राखणदार जवळ गेला आणि थबकला. बुलबुल बोलत होता, नाचण बोलत होती, शिंपी, दयाळ, सगळ्यांचे आवाज येत होते. त्याने मान वर केली. आंब्याच्या शेंड्यावर मोरघारीचं नवं घरटं होतं, आणि त्याच्याखाली चार हातांवर हळद्याची मादी आपली झोळी विणत होती.

त्या काळी पाखरं माणसांशी बोलत, पण विचारल्याशिवाय बोलत नसत. राखणदाराने आजवर कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"अगं, जिनं तुझं पिल्लू खाल्लं, तिच्याच पायाखाली घर बांधतीस?"

"पिल्लू माझं गेलं," मादी म्हणाली. "ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"मग?"

"ती सालात आमचं एखादं पिल्लू नेते. पण तिच्या भीतीने कावळा आणि टकाचोर तिच्या झाडाजवळ फिरकत नाहीत, आणि ते आले की आमच्यातल्या एकाचंही घरटं उरत नाही. मी चार पिल्लं वाढवली ती तिच्याच सावलीत. जागा निवडताना मी दोन्ही गोष्टी बघितल्या होत्या. तू एकच बघितलीस."

"मी तुमच्यासाठीच केलं गं सगळं," राखणदार म्हणाला.

"माहीत आहे," मादी म्हणाली. "पण आम्ही तुझ्या राईत राहत नव्हतो. आम्ही तिच्या झाडाखाली राहत होतो."

एवढं बोलून ती पुन्हा विणायला लागली.

पाडव्याला पहाटे राजा आला. कुऱ्हाड मांडीवर घेतली, डोळे बांधले. कावळा ओरडला. टकाचोर ओरडला. वरून पोपटांचा थवा गेला. बऱ्याच वेळाने नदीकडून पारव्याचा आवाज आला. ऊन राजाच्या पायांशी आलं, अंगठ्यांवर चढलं, तरी पाचवा आवाज आला नाही. राजाने त्या दिवशीही उपरणं सोडायला उशीर केला. त्यालाही वाईट वाटत होतं.

"कुठे गेली पाखरं?" त्याने विचारलं.

राखणदाराने काही लपवलं नाही. पिल्लू, बेहडा, मोरघार आणि मादीचं बोलणं, सगळं सांगितलं. मग म्हणाला, "म्हाराज, रिवाज रिवाज हाय. कुराड दुसऱ्याला द्या."

राजाने कुऱ्हाड राईशेजारी मेंढरं चारणाऱ्या एका धनगराला दिली आणि पाखरं परतेपर्यंत ऐकणी थांबवली. धनगराने ती घेतली, पण जुन्या राखणदाराचा चेहरा त्याला बघवेना. तो राखणदाराला म्हणाला, "दादा, मला यातलं काय ठावं नाय. पयलं काय करू?"

"जे झाड बिनकामाचं वाटंल," राखणदार म्हणाला, "त्याच्याखाली आधी एक वरीस बसून ऱ्हा. कोण येतं, कोण जातं ते बघ. मग कुराड उचल."

धनगर सांगितल्याप्रमाणे वागला. त्याच्या हयातीत त्या कुऱ्हाडीला फारशी धार लावावी लागली नाही.

राखणदाराने बेहड्याची एक बी त्याच मोकळ्या जागी पुरली आणि मरेपर्यंत तिला पाणी घातलं. मोरघार परतलेली काही त्याला दिसली नाही, आणि ज्या राईसाठी तो जन्मभर राबला तिच्यात त्याला मरेपर्यंत कावळेच ऐकावे लागले. धनगराच्या नातवाच्या वेळी ते झाड उंच झालं, जरा वाकडंही झालं. तेव्हा एका मार्गशीर्षात नदीपलीकडून कोणीतरी तुरेवालं आलं, तीन घिरट्या घातल्या आणि शेंड्यावर पहिली काटकी ठेवली. पुढच्या पाडव्याला ऐकणी पुन्हा झाली आणि राजाच्या नातवाने नऊ आवाज ऐकले.

तात्पर्य: राहायची जागा राहणाऱ्याने निवडायची असते, राखणाऱ्याने ती फक्त राखायची असते.