शिशाच्या पादुका

“…आणि मग म्हणे बाबांनी त्या पादुका सरळ विहिरीतच…”

पिठाच्या गिरणीत हिरामण ओतारी शिरला आणि बायकांचं बोलणं तिथंच तुटलं. त्यानं डबा रांगेत ठेवला.

झालं होतं असं. हिरामण टेकावर जुन्या मोटारी मोडतो. बॅटऱ्या फोडायच्या, आतलं तेजाबाचं पाणी चरात सोडायचं, शिसं वितळवून विकायचं. तो चर खाली मठाच्या अंगाला उतरतो. घरी मात्र माणूस भारी जपून. सुनेला दिवस गेलेत, डॉक्टरांनी शिशाचं बजावलंय. म्हणून कामाचे कपडे बाहेर, अंघोळ बाहेर, मगच उंबरा.

त्यानं आपल्या गुरूंसाठी, मठातल्या नारायणगिरीबाबांसाठी, शिशाच्या पादुका ओतल्या. गुरुवारी घेऊन गेला. असं ओतकाम तालुक्यात कुणाला जमायचं नाही, हेही जाताजाता दोनदा सांगून झालं.

बाबांनी पादुका उचलल्या.

“जड आहेत रे.”

“एक अख्खी बॅटरी गेलीय, बाबा.”

बाबा उठले आणि पादुका छातीशी धरून मठाच्या विहिरीकडं निघाले. सगळी खालची आळी तिथलंच पाणी पिते. हिरामण मागोमाग. त्याला वाटलं, धुवायच्या असतील.

बाबांनी दोन्ही हात कठड्यापलीकडं नेले.

“इथं सोडतो. आळीला रोज तीर्थ मिळेल.”

हिरामणनं धावत जाऊन त्यांची मनगटं धरली. गुरूच्या अंगाला पायांखेरीज त्यानं कधी हात लावला नव्हता.

“नको बाबा. विष आहे ते. पाण्यात उतरतं. आळीत लहान पोरं आहेत, पोटुशा बायका आहेत…”

“तुला ठाऊक आहे?”

“माझा धंदाच हा. मला नाही तर कुणाला…”

त्याची नजर खाली गेली.

विहिरीला लागून टेकावरून आलेला तो चर होता. ओला होता.



तेव्हा गिरणीतलं बोलणं खरं, पण कठड्यापर्यंतच. पादुका पाण्यात पडल्या नाहीत. बाबांनी त्या हिरामणच्याच ओंजळीत ठेवल्या.

“माझा हात वेळेवर धरलास,” ते म्हणाले. “टेकावर तुझा कोण धरतो?”