सूत्रांची झोप

अडीच वर्षं लेकीमागे धावून आपल्या डोक्याला गंज तर चढला नाही ना, या काळजीने शर्वाणीचा आदल्या रात्री डोळा लागला नव्हता. दूध संघात ती कामावर परत हजर झाली, तर निंबाळकर साहेबांनी सगळ्यांदेखत एक्सेलची शीट उघडून दाखवली.

"बाई, ही सूत्रं खालच्या ओळींत जशीच्या तशी हवीत. कॉपी केली की त्यांच्यातले सेलचे पत्ते बदलतात. हाताने टाइप करायचं नाही. जमलं तर तुमचं टेबल तुम्हाला, नाहीतर डोकं पाळण्यातच राहिलंय असं समजू!"

शर्वाणी हट्टाने खुर्चीत बसली. तिने 'फाइंड-रिप्लेस'ने सूत्रांतली बरोबरची चिन्हं एका फटक्यात बदलून तिथे फुल्या टाकल्या. सूत्रांची नुसती अक्षरं झाली. ती खाली कॉपी केली आणि सगळीकडे फुल्यांच्या जागी पुन्हा बरोबरची चिन्हं आणली. एकही पत्ता हलला नव्हता.

"हे कसं केलंत?"

"पाळण्यातल्याच डोक्याने, साहेब! जागं मूल उचललं की हातपाय झाडतं. म्हणून सूत्रं आधी झोपवली, मग हलवली, जागेवर ठेवून उठवली."

साहेबांनी टेबलाची किल्ली पुढे केली.

घरी आईचा पराक्रम ऐकून लेकीने, मिहिकाने, डोळे बारीक केले.

"मग मला झोपवून तू कुठे नेतेस?"