फादरांचा मोजा

रोमहून मोठी पदवी घेऊन आलेल्या फादर बोनाव्हेंचरांनी वसईकडच्या एका गावात सणाचं प्रवचन ठोकलं, "वाईट ही मुळात वस्तूच नाही! मोज्याला भोक पडतं ना, तसं ते म्हणजे निव्वळ चांगुलपणाचा अभाव."

चर्चमधली मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, संपली. मिरवणुकीसाठी संत पेत्राची मूर्ती उचलायला गावातला कायतान पुढे झाला. तोंडाला दारूचा वास!

फादर कडाडले, "हो मागे! दारुडा, शिवराळ, भांडखोर! तुझ्यात चांगलं म्हणून काही उरलेलंच नाही!"

कायतान म्हणाला, "मोजाच उरला नाही, तर एवढी भोकं पडली कशात, फादर?"

गाव खदखदून हसलं. फादरांची नजर स्वतःच्या सँडलकडे गेली. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. त्यांनी मूर्तीच्या पालखीचा पुढचा दांडा कायतानच्या खांद्यावर दिला.