आमेनची घाई

एकदा एका ख्रिस्ती मंडळीतले पुरुष शिबिरासाठी डोंगरावरच्या मिशन बंगल्यात जमले. दिवसभर धुकं, अंथरुणं दमट, सूर्याचं दर्शन नाही. शिबिराला माणसं का येतात? काही बायबलच्या वचनासाठी येतात, काही मटणासाठी, आणि एखादा येतो तो घरात बसवत नाही म्हणून. खरं तर शिबिर त्या शेवटच्यासाठीच असतं. पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

प्रवचनानंतर गटचर्चा होई. गोल करून बसायचं आणि पाळकसाहेबांनी दिलेल्या प्रश्नांवर बोलायचं. एका गटाचा पुढारी होता नोएल अमोलिक, शाळामास्तर. माणूस गुणी, पाठांतर चोख, पण घड्याळाकडे फार बघायचा. गट कसा चालवावा हे त्याला आबाजींनी शिकवलं होतं. आबाजी म्हणजे मंडळीचे जुने प्रचारक, खेडोपाडी पायी हिंडून म्हातारे झालेले.

पहिल्या दुपारचा प्रश्न होता, तुमचं प्रार्थनाजीवन कसं आहे? सगळ्यांनी ठरलेली उत्तरं दिली. पहाटे उठतो, वचन वाचतो, प्रभूची कृपा आहे. त्यातलं निम्मं खोटं. मग पाळी आली बेंजामिन रणपिसेची. हा एसटी डेपोत टायर बदलणारा माणूस. त्याचा तरणा मुलगा गेल्या वर्षी मोटारसायकलवरून पडून गेला, हे सर्वांना ठाऊक होतं.

"मला प्रार्थना जमत नाही," बेंजामिन म्हणाला. "पोरगं गेल्यापासून नाही. डोळे मिटले की मला..."

त्याला रडू आलं. कुणी शाल सावरली, कुणी खाली सतरंजीकडे बघितलं. असा प्रसंग आला की आपल्या लोकांना एकच गोष्ट सुचते.

"बंधूंनो," नोएल म्हणाला, "आपण बेंजामिनभाऊंसाठी डोळे मिटू या."

त्याने सुंदर शब्दांत प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले. बेंजामिनही म्हणाला. मग नोएलने पुढचा प्रश्न घेतला आणि गट वेळेत संपला.

चहाच्या वेळी तो आबाजींना म्हणाला, "आज फार आशीर्वाद मिळाला. बेंजामिनभाऊंना रडू आलं, पण प्रार्थनेने शांत झाले."

"शांत झाला की गप्प झाला?" आबाजींनी विचारलं. मग तेच म्हणाले, "बरं. संध्याकाळचा गट मी घेतो. तू नुसता बस."

संध्याकाळी बेंजामिन आला नाही. डोकं दुखतं म्हणून पडून राहिला. आबाजी सगळ्यांच्या मधे बसले आणि त्यांनी प्रश्नबिश्न काही काढला नाही. नोएलकडे वळून म्हणाले, "मास्तर, वडील कसे आहेत तुमचे?"

नोएलचा चेहरा उतरला. तो सांगू लागला. "ओळखत नाहीत आता मला. घराबाहेर पडतात, रस्त्यात उभे राहतात. कुणाला सांगितलं नाही मी हे, आबाजी. शाळेला जाताना मी त्यांना खोलीत कोंडतो. आतून ते दार वाजवतात आणि मी..."

"चला, डोळे मिटू या," आबाजी म्हणाले.

आणि त्यांनी मोठ्या आवाजात, लांबलचक प्रार्थना केली. आमेन झालं. "हं, पुढचा प्रश्न," म्हणाले.

नोएलचं डोकं तापलं होतं. गट उठल्यावर त्याने आबाजींना ओसरीवर गाठलं. "हे काय केलंत? चारचौघांत मला उघडं पाडलंत आणि वरून प्रार्थना फिरवलीत."

"का? माझी प्रार्थना खोटी होती?"

"खोटी नव्हती. पण मला गप्प बसवायला होती."

"मग दुपारी त्या टायरवाल्याचं तू काय केलंस?"

नोएल खाली बसला.

आबाजी म्हणाले, "बेट्या, प्रार्थना देवाकडे जाते हे खरं. पण समोरच्याचं दुःख सोसवत नाही म्हणूनही आपण ती करतो. डोळे मिटले की त्याचं तोंड बघावं लागत नाही. आमेन म्हटलं की विषय संपतो. तो म्हणत होता मला प्रार्थना जमत नाही, आणि तू लंगड्याला म्हणालास, चल, पळू या. देवाला घाई नव्हती. तुला होती." मग जरा थांबून म्हणाले, "आता सांग. ते दार वाजवतात, आणि तू?"

नोएलने सांगितलं. आबाजी ऐकत राहिले.

सकाळी नोएल बेंजामिनला शोधायला गेला तर त्याची खाट रिकामी होती. शिबिर अर्धवट टाकून तो पिशवी घेऊन फाट्यावर उभा होता. नोएल धावत गेला. एसटी आली, बेंजामिन चढला, तसा नोएलही चढला.

"तुम्ही कुठं, मास्तर? गट कोण घेणार?"

"आबाजी घेतील. काल तुम्हाला मधेच तोडलं मी. चुकलं माझं."

"चालायचंच," बेंजामिन म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. नोएल शेजारी बसून राहिला. गाडी अर्धा घाट उतरली.

मग बेंजामिन बाहेर बघतच बोलू लागला. "शुक्रवारची उपासप्रार्थना होती. माझ्याच घरी, पुढारी मीच. खिशात फोन थरथरत होता, परत परत. म्हटलं, आमेन होऊ दे आधी. पोरगं खड्ड्यात पडून मलाच फोन लावत होतं, मास्तर. मी त्या दिवशी लई लांब प्रार्थना केली. लोकांनी तारीफ केली माझी."

नोएलच्या जिभेवर सांत्वनाचं वचन आलं होतं. त्याने ते गिळलं. ही गोष्ट बरी करण्यासारखी नव्हती, हे त्याला कळलं. त्याने डोळे मिटले नाहीत. बेंजामिनचं तोंड बघणं अवघड होतं, ते तो बघत राहिला.

"पुढं?" त्याने हळूच विचारलं.

"पुढं काय. आमेन झाल्यावर मी लावला फोन. वाजत राहिला."

घाट संपला, सपाटी लागली, तरी बेंजामिन बोलत होता. नोएलला वाटेत कुठंही उतरून परतता आलं असतं. तो उतरला नाही.

ज्याला चार माणसांचा गट चालवायचा आहे, त्याने आधी आपलं आमेन आवरायला शिकावं.