परत येण्याची हमी

इचलकरंजीच्या नेत्राला पाठीवर सॅक टाकून महिनाभर परदेश हिंडायचा होता. पैसे तिने स्वतः साठवले होते, पण व्हिसासाठी वकिलातीने खुसपट काढलं: नोकरी नाही, लग्न नाही, मग ही मुलगी परत येईल कशावरून? एखाद्या प्रतिष्ठित नातेवाइकाचं हमीपत्र जोडा.

घराण्यात प्रतिष्ठित म्हणजे एकच, निवृत्त तहसीलदार बापूकाका. सही मागायला जावं तर आधी प्रवचन ऐकावं लागे. त्यांनी चार पाहुण्यांसमोर कागद न वाचताच बाजूला सारला.

"कॉलेज अर्धवट सोडलंस. धड एक काम येत नाही. तुला इथं कुणी विचारत नाही, तिकडे कोण ठेवून घेणार?"

पाहुणे हसले. नेत्राने कागद पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"काका, हेच लिहून द्या. वकिलातीला एवढीच खात्री हवी आहे."

बापूकाकांनी चष्मा चढवून कागद उचलला.

"अगं, हमी अशी देतात का?"

"मग कशी देतात? तुमच्या दोन्ही मुलांची तुम्हीच दिली होतीत. सहा महिन्यांत येतो म्हणून गेले, अकरा वर्षं झाली. ते हुशार होते, म्हणून तिकडच्यांनी ठेवून घेतलं. माझी ती भीती नाही."

बापूकाकांनी आशेने काकूंकडे पाहिलं. काकूंनी चहाचा ट्रे खाली ठेवला, नवऱ्याच्या खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून त्यांच्या हातात दिलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "निदान एक तरी परत येईल."