टरफलांची गोडी

भाज्याही बोलत तेव्हाची गोष्ट. गोदाक्कांच्या परसात नव्या जातीचा मटार वाढला. शेंगा चपट्या, दाणे मोहरीएवढे. सोलता सोलता अक्का वैतागल्या.

"नुसती टरफलं. उद्या हा वेल उपटतेच," म्हणत त्यांनी टरफलं शेळीपुढे टाकली. शेळी मिटक्या मारू लागली.

वेल कळवळला. "मावशी, माझी गोडी टरफलातच आहे. अक्कांना सांग ना."

"सांगितलं तर मला काय उरेल?"

"आणि मला उपटलं तर?"

शेळीने नाइलाजाने एक टरफल अक्कांपुढे धरलं. "आधी चावून तर बघा."

आता अक्का अख्ख्या शेंगाच खोबरं घालून परततात. वेल मजेत डोलतो. शेळी उरलेले देठ चघळत म्हणते, "खरं बोलावं, पण पोटभर खाऊन झाल्यावर."